जुन्या पोर्शे ९११ च्या गिअरबॉक्सची केस तडकली आहे: वेल्ड करावी की बदलावी?

मागचंचाक

नमस्कार मंडळी.

क्लच बदलायला ९११ चं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र खाली घेतले होते. दोन्ही वेगळे करून गिअरबॉक्स धुतला तेव्हा बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीचं, इंजिनाला जोडलं जाणारं आवरण) खालच्या बाजूला, इंजिनाचा स्टड ज्या कानातून जातो तिथे, एक बारीक रेघ दिसली. डाग असेल म्हणून पुसली, गेली नाही. नख फिरवलं तर अडकतंय. म्हणजे तडाच आहे. तो कानापासून निघून आतल्या बाजूला, पिनियनच्या (डिफरन्शियलला फिरवणारा लहान गिअर) बेअरिंगच्या दिशेने गेला आहे. कुठे संपतो ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

गाडी १९७० च्या दशकातली, गिअरबॉक्स ९१५ प्रकारचा. यात बेलहाउसिंग आणि डिफरन्शियलचं घर एकाच ओतीव तुकड्यात असतं, त्यामुळे तेवढा भाग सुटा बदलता येत नाही. केसवर ठोकलेला नंबर गाडीच्या मूळ नोंदीशी जुळतो. म्हणून शक्य असेल तोवर हीच केस वाचवायची इच्छा आहे.

गिअरबॉक्स पूर्ण उघडल्यावर आणखी एक गोष्ट समोर आली. पिनियनच्या बेअरिंगची बाहेरची रिंग केसमध्ये फिरत असावी. बोअर, म्हणजे बेअरिंग बसतं ते गोल भोक, चकचकीत झालं आहे आणि एका बाजूला करड्या रंगाची पूड चिकटलेली आहे. गिअर आणि सिंक्रो मात्र उत्तम आहेत.

ही केस वेल्ड होईल का? आणि बेअरिंगच्या घराचं काय करावं? ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

टिगकाका

वेल्डिंगचा विचार नंतर करा. आधी केस कोणत्या धातूची आहे ते सांगा. ९१५ गिअरबॉक्स १९७२ च्या मॉडेलपासून आला. त्याच्या सुरुवातीच्या केस मॅग्नेशियमच्या आणि नंतरच्या ॲल्युमिनियमच्या. दिसायला दोन्ही सारख्याच. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने कुठली बसवली असेल याचाही भरवसा नाही.

ओळखायची सोपी रीत सांगतो. आतल्या बाजूला, जिथे सांधा येत नाही अशा ठिकाणी, सुईएवढी जागा खरवडून चकचकीत करा आणि तिथे व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे येतील. ॲल्युमिनियमवर तसं काही होत नाही. बघून झालं की पाण्याने धुवा आणि कोरडं करा.

काही जण कानस मारून तो भुगा पेटवून बघतात. तसं करू नका. मॅग्नेशियमचा अख्खा तुकडा सहजी पेट घेत नाही, पण भुगा आणि बारीक चुरा पेटतो. ती आग पाण्याने विझत नाही, उलट पाण्यातून हायड्रोजन निघून भडकते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही चालत नाही, कारण मॅग्नेशियम त्या वायूतसुद्धा जळतं. धातूच्या आगीसाठी डी वर्गाचा अग्निशामक लागतो. तो हाताशी नसेल तर या केसवर ग्राइंडर लावायचाच नाही.

पाना_१३

माझं स्पष्ट मत: दुसरी केस शोधा. तडकलेल्या केसवर मेहनत घेण्यात अर्थ नाही. सगळं त्यातून काढायचं, यात घालायचं, विषय संपला.

मायक्रॉन

@पाना_१३, विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. या गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियल त्याच केसमध्ये बसतं. पिनियन किती आत असावा हे शिमने (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) ठरवलेलं असतं आणि ते शिम त्या विशिष्ट केसच्या मापाला धरून निवडलेले असतात. केस बदलली की पिनियनची खोली पुन्हा मोजावी लागते, डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगचा ताण पुन्हा लावावा लागतो, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) पुन्हा बघावा लागतो. जुनेच शिम तसेच टाकून केस जोडली तर क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियनचे दात चुकीच्या जागी घासतात. गाडी आधी कण्हते, मग दात झिजतात.

शिवाय ‘दुसरी’ केससुद्धा तेवढ्याच वयाची असणार. तिचंही बोअर मोजावंच लागेल. केस बदलणं हा चांगला मार्ग आहे, पण सोपा म्हणून तो निवडू नये.

@मागचंचाक, काहीही कापायच्या, घासायच्या किंवा तापवायच्या आधी या केसची सगळी मापं घेऊन ठेवा. प्रत्येक बेअरिंगचं बोअर तीन दिशांनी आणि दोन खोलींवर. शाफ्टच्या केंद्रांमधलं अंतर. बेलहाउसिंगचा चेहरा पिनियनच्या अक्षाला काटकोनात आहे का ते. वेल्डिंगनंतर केस किती हलली हे कळायला दुसरा मार्ग नाही.

मागचंचाक

थेंब टाकताच फसफसलं. मॅग्नेशियम.

डाय पेनेट्रंटही मारून बघितलं. आधी केस नीट धुतली, सुकवली, लाल द्रव लावून थोडा वेळ मुरू दिला, वरचा पुसून घेतला आणि पांढरा डेव्हलपर फवारला. लाल रेघ अगदी स्पष्ट उमटली. तडा कानाच्या भोकापासून निघतो, एका रिबला (बळकटीसाठी ओतलेली उंच पट्टी) वळसा घालतो आणि बेअरिंगच्या बोअरच्या आधी थांबतो. बोअरमध्ये शिरलेला नाही. आतल्या बाजूनेही त्याच रेषेत आहे, म्हणजे आरपार.

मापं घेतली. पिनियनच्या बेअरिंगचं बोअर लंबगोल झालं आहे, एका दिशेने ०.०४ मिमी जास्त. बाकीची बोअर ठीक आहेत.

रिबआणिबॉस

तडा बोअरमध्ये शिरलेला नाही ही चांगली बातमी आहे. पण तो गेला कशामुळे हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. ओतीव केस उगाच तडकत नाही. कारण तसंच राहिलं तर वेल्डच्या शेजारी नवा तडा येतो.

तुमच्या वर्णनावरून दोन शक्यता दिसतात. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करताना किंवा जोडताना एकाला आधार नसेल, तर सगळं वजन इनपुट शाफ्ट आणि त्या खालच्या कानावर येतं. दुसरी शक्यता अशी की दोन चेहऱ्यांच्या मध्ये काहीतरी अडकलं असताना नट आवळला गेला. रंगाचा थर, जुन्या पॅकिंगचा तुकडा, उठलेली कड, काहीही. चेहरा टेकलेला नसताना नट आवळला की कान वाकतो, आणि ओतीव मॅग्नेशियमला वाकणं मानवत नाही.

सरफेस प्लेटवर किंवा जाड काचेवर निळं (स्पर्शाची जागा दाखवणारा रंग) लावून बेलहाउसिंगचा चेहरा टेकवून बघा. इंजिनाचा चेहराही बघा. त्या कानाच्या आसपास निळं कुठे लागतं आणि कुठे लागत नाही यावरून कारण कळेल.

धाग्याचावाचक

बाहेरून इपॉक्सी भरून चालणार नाही का? धातूची पूड घातलेलं दोन भागांचं इपॉक्सी तेलालाही टिकतं म्हणतात.

टिगकाका

तेलाला टिकतं, ओढीला टिकत नाही. ओतकामातलं सुईच्या टोकाएवढं छिद्र असेल, त्यातून तेल झिरपत असेल आणि त्या जागेवर काही भार नसेल, तर इपॉक्सी जरूर भरा. मी स्वतः भरतो. पण हा तडा इंजिनाचं वजन आणि क्लचचे झटके घेणाऱ्या कानात आहे. वरून लेप दिला तर खाली तडा वाढतच राहणार आणि आता तो दिसणारही नाही. त्याहून वाईट म्हणजे पुढे कोणी वेल्ड करायला घेतलं तर इपॉक्सीचे अवशेष वेल्डमध्ये येऊन सगळं सच्छिद्र होतं.

गॅसच्या टॉर्चने लावायच्या ज्या झिंकमिश्रित कांड्या मिळतात, त्यांचाही इथे विचार करू नका.

मागचंचाक

@रिबआणिबॉस, तुमचा अंदाज बरोबर निघाला. इंजिनाच्या चेहऱ्यावर त्याच स्टडच्या मुळाशी धातूची कड उठलेली आहे. बेलहाउसिंगचं निळं तिथे गोल ठिपक्यासारखं लागतं आणि त्याच्या बाहेर फीलर गेजचं पातं आत जातं. म्हणजे तो कान कितीतरी वर्षं वाकलेल्या अवस्थेत आवळलेला होता. हे मागच्या कुठल्यातरी दुरुस्तीत झालेलं आहे. कड काढून चेहरा सपाट करून घेतो.

आता वेल्डिंगचं सांगा.

टिगकाका

मॅग्नेशियमचं वेल्डिंग होतं, आणि चांगलं होतं. विमानांच्या ओतीव भागांवर ते काम नेहमीचं आहे. पण रोज ॲल्युमिनियम करणारा चांगला वेल्डरसुद्धा यावर पहिल्यांदा हात बसवत असेल, तर तुमच्या केसवर बसवू नये. ज्याने मॅग्नेशियमची ओतीव कामं केली आहेत असाच माणूस शोधा. त्याला काय सांगायचं आणि त्याच्याकडून काय विचारून घ्यायचं ते लिहितो.

सफाई हेच अर्धं काम. गिअर ऑइल इतकी वर्षं ओतकामाच्या छिद्रांत मुरलेलं असतं. नुसतं बाहेरून पुसून ते जात नाही. केस सावकाश तापवली की तेल वर येतं, ते पुसायचं, पुन्हा तापवायचं. तेल यायचं थांबेपर्यंत. एक धोका नीट लक्षात घ्या: ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असेल तर तो वेल्डिंगच्या आसपासही नको. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. ॲसिटोन वापरा आणि तो पूर्ण उडून जाऊ द्या. ब्रश स्टेनलेसचा, नवा, फक्त याच कामासाठी ठेवलेला.

तडा जिथे संपतो त्याच्या जरा पुढे लहान भोक पाडतात, म्हणजे तापल्यावर तो पुढे पळत नाही. मग कार्बाइडच्या बरने तडा पूर्ण खोदून इंग्रजी व्ही अक्षराची खाच करायची. दगडी चाकाने नाही, कारण त्याचे कण मऊ धातूत रुतून बसतात. खोदून झाल्यावर पुन्हा डाय पेनेट्रंट मारा. लाल दिसलं तर तडा अजून आत आहे. आणि ते काम झालं की डाय पुन्हा पूर्ण धुवून काढायचं.

वेल्डिंग टिगने (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने होणारं आर्क वेल्डिंग), एसी करंटवर, आर्गॉनमध्ये. धातूच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा जो थर असतो तो धातूपेक्षा कितीतरी जास्त तापमानाला वितळतो, आणि एसीच्या अर्ध्या फेरीत तो फुटून बाजूला होतो, म्हणून एसी. फिलर तार मॅग्नेशियमचीच हवी. केसचा मिश्रधातू एझेड९१ जातीचा असेल तर एझेड९२ किंवा एझेड१०१ ची तार चालते. ॲल्युमिनियमची तार चुकूनही नको. तिने ठिसूळ सांधा होतो आणि थंड होतानाच सुटतो. केस ओव्हनमध्ये सगळीकडून सारखी तापवून घ्यायची, एकाच जागी टॉर्च धरून नव्हे. छोटे छोटे टाके, मध्ये थांबत.

आणि जी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते ती शेवटची. ॲल्युमिनियम असलेल्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंमध्ये वेल्डनंतर ताण उरतो आणि त्या ताणामुळे पुढे काही दिवसांनी, गाडी उभी असतानासुद्धा, वेल्डच्या कडेने चीर जाऊ शकते. म्हणून वेल्डनंतर ताण काढण्यासाठी केस पुन्हा ओव्हनमध्ये ठेवावी लागते. एझेड९१ साठी साधारण २६० अंश सेल्सियसला एक तास. वेल्डरला आधीच विचारा की हे तो करतो का. नाही म्हणाला तर दुसरा शोधा.

मायक्रॉन

टिगकाकांच्या प्रतिसादाला जोड: केस मोकळी वेल्ड करू नका. बेलहाउसिंगचा चेहरा जाड, मशीन केलेल्या प्लेटला बोल्टने बांधा आणि गिअरचं घर दुसऱ्या बाजूने जोडलेलं ठेवा. ताण काढायला ओव्हनमध्ये जाईल तेव्हाही प्लेट तशीच राहू द्या. वाकायला जागाच ठेवायची नाही.

बेअरिंगच्या घराचं मशीनिंग सगळं वेल्डिंग आणि ओव्हन झाल्यावरच. आधी बोअर करून घेतलंत तर ते पुन्हा हलेल आणि काम वाया जाईल.

आता बोअरबद्दल. रिंग का फिरते? स्टील तापल्यावर जेवढं फुगतं त्याच्या दुपटीहून जास्त मॅग्नेशियम फुगतं. दर अंशाला मीटरमागे स्टील साधारण १२ मायक्रॉन, ॲल्युमिनियम २३, मॅग्नेशियम २६. उदाहरणादाखल ८० मिमीचं बोअर धरू आणि गिअरबॉक्स २० अंशांवरून १०० अंशांवर गेला असं समजू. मॅग्नेशियमचं घर स्टीलच्या रिंगपेक्षा सुमारे ०.०९ मिमी जास्त मोठं होतं. ॲल्युमिनियमचं असतं तर ०.०७ मिमी. म्हणजे थंड असताना घट्ट वाटणारी रिंग तापल्यावर सैल होते. त्यात आणखी ०.०४ मिमीचा लंबगोल आला की ती फिरणारच.

यावर बोअरच्या कडेने पंच मारून धातू उचलायचा उपाय काही जण सांगतील. त्याने रिंग चार टोकांवर टेकते, तिरकी बसते आणि पहिल्याच मोठ्या प्रवासात ती टोकं चेपली जातात. पिनियनवर तर अजिबात नको. तिथली रिंग शतांश मिलिमीटरने सरकली तरी दातांचा स्पर्श बदलतो.

बुश टाका, म्हणजे बोअर मोठं करून त्यात धातूची कडी बसवा.

रिबआणिबॉस

बुश कशाचा हा खरा प्रश्न आहे. बरेच जण स्टीलचा टाकतात. पण मायक्रॉन यांचंच गणित पुढे नेलं तर स्टीलचा बुश टाकून सैलपणा एक पायरी बाहेर ढकलला जातो. आधी रिंग केसमध्ये सैल होत होती, आता बुश केसमध्ये सैल होणार.

मायक्रॉन

अगदी बरोबर, म्हणून मी ॲल्युमिनियमच्या कणखर मिश्रधातूचा बुश सुचवतो. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांच्या फुगण्यातला फरक त्याच ८० मिमीवर आणि त्याच तापमानाला जेमतेम ०.०२ मिमी. बुश त्याहून बराच जास्त दाबाने बसवला की तो केसमध्ये कधीच सुटत नाही. बाहेरच्या बाजूला कॉलर ठेवा, म्हणजे तो आत सरकणार नाही. केस तापवून, बुश थंड करून बसवायचा. बुश बसल्यावर मगच आतलं अंतिम माप काढायचं, आणि तेही बाकीच्या बोअरचा अक्ष धरून, एकाच सेटिंगमध्ये. लेथवर डोळ्याने मध्य धरून हे होत नाही. बोअरिंग मशीन हवं आणि ते चालवणारा शांत डोक्याचा माणूस हवा.

बुशमध्ये रिंग तापल्यावर थोडी सैल होणार हे उरतंच. ते धरूनच या गिअरबॉक्समध्ये बेअरिंगला दाबून धरणारी प्लेट असते. तिचे बोल्ट आणि त्यांचे आटे तपासा. प्लेट वाकलेली असेल तर रिंग फिरण्याचं मूळ तिथेही असू शकतं.

धाग्याचावाचक

वाचनखूण साठवली. बेअरिंगसाठीचं चिकटवायचं द्रव्य मिळतं ना, ते बुशऐवजी नाही चालणार?

मायक्रॉन

बोअर गोल असेल आणि थोडंच मोठं झालं असेल तर रिटेनिंग कंपाऊंड उपयोगी आहे. लंबगोल बोअरमध्ये ते रिंगला मध्यावर आणत नाही. रिंग जिथे कलते तिथेच ती पक्की चिकटते.

मागचंचाक

उशिरा लिहितोय, पण काम पूर्ण झालं म्हणूनच लिहितोय.

मॅग्नेशियमच्या कामाचा अनुभव असलेले एक वेल्डर मिळाले. ताण काढायच्या ओव्हनबद्दल मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं, तेव्हाच केस त्यांच्याकडे ठेवली. खाच खोदल्यावर दिसलं की तडा रिबच्या पोटात आणखी थोडा शिरला होता, बाहेरून तो कळत नव्हता. दुसऱ्यांदा डाय मारायचा सल्ला नसता तर तो तसाच आत राहिला असता. टिगकाका, मनापासून आभार.

प्लेटला बांधून वेल्ड केल्यामुळे बेलहाउसिंगचा चेहरा फारसा हलला नाही. हलकासा कट घेऊन सपाट झाला. बाकीची बोअर पहिल्या मापांशी जुळली. पिनियनच्या घरात कॉलरचा ॲल्युमिनियम बुश बसवला आणि अंतिम बोअरिंग बाकीच्या अक्षांवरून केलं. बेअरिंगच्या प्लेटच्या दोन बोल्टचे आटे ओढले गेले होते, तिथे स्टीलचे इन्सर्ट (नव्या आट्यांची नळी) टाकले. प्लेट नवी.

जोडण्याआधी गळती तपासायला जुनी रीत वापरली. वेल्डच्या जागी बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून लावली, सुकू दिली, आतून केरोसीन भरलं आणि रात्रभर ठेवलं. कुठे झिरपत असतं तर पांढऱ्यावर ओला डाग उठला असता. एकही उठला नाही.

मायक्रॉन यांनी सांगितल्याप्रमाणे पिनियनची खोली पुन्हा मोजली. नवं बोअर, नवी प्लेट, त्यामुळे शिम बदलावा लागलाच. दातांना निळं लावून फिरवलं तर ठसा दाताच्या मधोमध येतो आहे.

गाडी चालते आहे, लांबचा प्रवासही झाला. गिअरबॉक्स तापलेला असताना खाली जाऊन पाहिलं, कान कोरडा. आधी चौथ्या गिअरमध्ये एक बारीक हुंकार यायचा, मी तो या गाडीचा स्वभाव समजत होतो. तो गेला.

पाना_१३

अभिनंदन! माझं मत बदललं. बाहेरून रंग दिलात की तसंच ठेवलंत? मॅग्नेशियम उघडं ठेवू नये असं ऐकलं आहे.

मागचंचाक

उघडं ठेवलं नाही. घासलेल्या भागावर क्रोमियम नसलेलं रासायनिक अस्तर आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर. जुन्या पद्धतीचं क्रोमेटचं अस्तर जास्त टिकाऊ मानतात, पण त्यातलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, घरच्या गॅरेजमध्ये ते नको वाटलं. स्टीलचे नट आणि वॉशर जिथे केसला टेकतात तिथेही संरक्षक लेप दिला आहे. ओल आली की स्टीलच्या शेजारचं मॅग्नेशियम आधी खाल्लं जातं.

नवाखेळाडू

धागा वर काढतोय. माझ्या जुन्या टू-सीटरच्या गिअरबॉक्सची केस ॲल्युमिनियमची आहे, व्हिनेगरने खात्री केली. ड्रेन प्लगच्या बॉसला (प्लग ज्यात आवळतात तो जाड उंचवटा) तडा गेला आहे. वर लिहिलेलं सगळं तसंच लागू होतं का?

टिगकाका

सफाई, खाच, डाय, प्लेटला बांधणं, आधीची आणि नंतरची मापं, हे सगळं तसंच. तार बदलते. सिलिकॉन असलेल्या ओतीव ॲल्युमिनियमला साधारण ४०४३ ची तार लावतात. ५३५६ नको, ती अशा ओतकामाला जुळत नाही आणि सतत तापणाऱ्या भागाला तर नाहीच. केस थोडी तापवून घ्या, सव्वाशे अंशांच्या आसपास. त्याहून फार वर नेऊ नका, कारण उष्णोपचार केलेली केस असेल तर तिची ताकद उतरते. केस डायकास्ट असेल तर ओततानाच आत अडकलेली हवा वेल्डमध्ये बुडबुडे काढते, मग पहिला थर खरवडून पुन्हा भरावा लागतो. वेल्डरने तसं केलं तर घाबरू नका, ते बरोबरच आहे.

ड्रेन प्लगच्या बॉसचा तडा बहुधा प्लग गरजेपेक्षा जास्त आवळल्याने जातो. निमुळत्या आट्यांचा प्लग असेल तर तो प्रत्येक वेळी पाचरीसारखा बॉस फाकवतो. बॉस भरून झाला की आटे नव्याने पाडून घ्या. प्लगच्या आट्यांचा आणि तडा गेलेल्या बाजूचा जवळून फोटो टाका, मग इन्सर्ट लागेल की नाही ते सांगतो.